लाल करवंदं मागून घ्या

दरवर्षी थंडीच्या तोंडावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनमध्ये क्रॅनबेरीची सुगी भरात असते. पाणथळ वाफ्यांत पाणी सोडतात, यंत्रानं वेली घुसळतात आणि सुटलेली लाल फळं पाण्यावर येऊन तरंगतात. फळाच्या पोटात हवेचे कप्पे असतात, म्हणून ती बुडत नाहीत. हा माल रसासाठी आणि डबाबंद सॉससाठी जातो. ताजी विकायची फळं मात्र कोरड्या वाफ्यातूनच काढतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा तिथला थँक्सगिव्हिंगचा सण. त्या दिवशी भाजलेल्या टर्कीशेजारी क्रॅनबेरीचा सॉस नसेल तर जेवण अपुरं मानतात.

सॉसची कृती कोणालाही जमेल अशी आहे. ताज्या फळांची पिशवी १२ औंसांची, म्हणजे ३४० ग्रॅमची मिळते. तीत एक कप साखर, एक कप पाणी घालून पातेलं आचेवर ठेवायचं. दहा मिनिटांत फळं फटफट फुटतात, रस सुटतो आणि गार होता होता सगळं आपोआप आळतं. त्यात आरारूट, कॉर्नफ्लोअर काही पडत नाही. फळातच पेक्टिन आणि आंबटपणा इतका असतो की साखर आणि उष्णता मिळाली की काम होतं. तिथल्या मराठी घरांतून याच फळाचं मेथी-मोहरीची फोडणी घातलेलं लोणचं आणि गूळ घातलेली चटणीही होते. इकडची जीभ तिथं आंबट फळ शोधते, तेव्हा क्रॅनबेरीच हाती लागते.

कोल्हापुरात क्रॅनबेरी येते ती सुक्या मेव्याच्या दुकानात, साखरेत मुरवून वाळवलेली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतल्या जी-२० परिषदेच्या वेळी भारतानं अमेरिकेतून येणाऱ्या क्रॅनबेरीवरचं आयातशुल्क कमी करायचं मान्य केलं. त्यामुळे ही पाकिटं पुढेही वाढतील. पण वाळल्या, गोड केलेल्या फळाचा सॉस होत नाही. त्याला ताजं, आंबट, पेक्टिननं भरलेलं फळच लागतं. आणि तसं फळ आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला प्रत्येक डोंगरावर, कोणी न लावता, कोणी पाणी न घालता, दर उन्हाळ्यात लगडतं. ते करवंद. अमेरिकेत क्रॅनबेरीचं जे झालं, ते करवंदाचं कोल्हापुरात होऊ शकतं आणि त्याची सुरुवात घरच्या पातेल्यापासून होते, हे मला या लेखात सांगायचं आहे.

जाळीतलं फळ

करवंद आणि क्रॅनबेरी यांचं वनस्पतिशास्त्रात काही नातं नाही. क्रॅनबेरी ही ब्लूबेरीची बहीण. करवंद तगर, चाफा, कण्हेर, सदाफुली यांच्या कुळातलं. म्हणून तर फांदी मोडली, कच्चं फळ तोडलं की पांढरा चीक येतो. तरी दोन्ही फळांचा स्वभाव एक आहे. दोन्ही आंबट, दोन्ही हलक्या, आम्लधर्मी जमिनीवर समाधानी, आणि दोन्ही शिजवली की घट्ट होणारी. एकाला पाणथळ जागा लागते, दुसऱ्याला उघडा कातळ आणि जांभ्याचा सडा चालतो.

कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्वेचा शिरोळकडचा भाग कमी पावसाचा, काळ्या मातीचा आणि उसाचा. पश्चिमेला गगनबावड्याकडे जाल तसा पाऊस कैक पटींनी वाढतो आणि जमीन तांबडी होते. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर करवंदाच्या जाळ्या आहेत. आंबा घाट, फोंडा घाट, करूळ घाट, कुठूनही कोकणात उतरा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्या दिसतात. शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांनी २००२ मध्ये या जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. इतक्या लहान क्षेत्रात इतकी विविधता का, याचं उत्तर या पावसाच्या उतरंडीत आहे.

थंडी सरता सरता जाळ्यांवर पांढरी, जाईच्या जातीची वाटावी अशी सुवासिक फुलं येतात. मार्च-एप्रिलमध्ये हिरवी फळं धरतात. तीच पुढं तांबूस, मग लाल आणि मे महिन्यात काळी होतात. हिरव्या करवंदांचा खर्डा डोंगरालगतच्या गावांत घरोघर होतो: करवंदं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मीठ, सगळं पाट्यावर नाहीतर खलबत्त्यात ओबडधोबड ठेचलेलं. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. काही घरांत हिरवी फळं मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात, पावसाळ्यात तोंडी लावायला. काळं झालेलं फळ मात्र तसंच खायचं. ते फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी, हा पोरांचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला आहे.

मे महिन्यात कपिलतीर्थ मंडईच्या कडेला, लक्ष्मीपुरीच्या बाजारात, पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या वाटेवर बुट्ट्या घेऊन बसलेल्या बाया दिसतात. यातल्या पुष्कळ जणी धनगरवाड्यांवरून आणि डोंगरकपारीच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या असतात. उन्हं चढायच्या आत जाळीत शिरायचं, दुहेरी काट्यांतून हात घालून एकेक फळ खुडायचं, बोटांना चीक लागून ती काळी पडतात ती चार दिवस निघत नाहीत. मग बुट्टी डोक्यावर घेऊन रस्ता गाठायचा आणि मिळेल त्या एसटीनं शहरात यायचं. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक त्यांचीच. विक्री मापट्यानं, वाट्यानं किंवा पानाच्या द्रोणातून. पिकलेलं करवंद दोन दिवसांच्या वर टिकत नाही. खाली बसलेलं फळ वरच्याच्या भारानं चिरडतं, रस सुटतो, आंबूस वास येतो. म्हणून संध्याकाळ झाली की उरलेलं पडेल त्या भावात द्यायचं, नाहीतर टाकायचं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पक्कं ठाऊक असतं.

पातेल्यातलं फळ

करवंदाचा सॉस करताना बहुतेक जण पूर्ण पिकलेली, काळीभोर, गोड फळं निवडतात, आणि मग सॉस पातळ राहतो. कारण साधं आहे. पेक्टिन हा फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ. फळ पिकतं म्हणजे हीच पकड सुटत जाते, फळ मऊ पडतं आणि पेक्टिनची घट्ट करण्याची ताकद कमी होते. पिकण्याच्या आधीच्या पायरीवर, लाल असताना, करवंदात ती भरपूर असते. आंबटपणाही तेव्हा जास्त असतो, आणि पेक्टिनला आळायला आम्ल लागतंच. म्हणून रंग आणि गोडी काळ्या करवंदांकडून घ्यायची, घट्टपणा लाल करवंदांकडून. दोन भाग काळी, एक भाग लाल हे प्रमाण माझ्या हाताशी बसलं आहे.

एक किलो फळं घ्या. हाताला थोडं गोडं तेल लावून देठ खुडा, म्हणजे चीक चिकटत नाही. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून दोन-तीनदा स्वच्छ धुवा. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळी भांडं या आंबट फळाला चालत नाही. एक कप पाणी घालून झाकण ठेवून मध्यम आचेवर शिजवा. क्रॅनबेरी फुटताना आवाज करते, करवंद गुपचूप चिरतं. दहा-बारा मिनिटांत सालं सुटतात आणि पातेल्यात गडद वांगी रंगाचा रस जमतो. साखर या पायरीवर घालायची नाही. आधी घातली तर सालं चिवट होतात आणि गर नीट सुटत नाही.

पुढची पायरी क्रॅनबेरीला लागत नाही, करवंदाला लागते. क्रॅनबेरीच्या बिया बारीक असतात, त्या खाण्यात जातात. रानकरवंदाच्या बिया मात्र दाताखाली येतात आणि कडवट लागतात. तेव्हा शिजलेली फळं कोमट असतानाच पुरणयंत्रात घाला. होळीला पुरण काढतो तेच यंत्र, बारीक जाळीचं. गर खाली येतो, बिया आणि जाड सालं वर राहतात. मिक्सरला लावायचा मोह टाळा. बी फुटली की कडवटपणा उतरतो, तो मग निघत नाही. किलोभर फळांतून साधारण सहा-सातशे ग्रॅम गर निघतो. राहिलेल्या चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा एकदा गाळलं तर उन्हाळ्याला सरबत होतं.

आता गोडी. गराच्या वजनाच्या पाऊणपट साखर घातली की सॉस आंबटगोड राहतो. कोल्हापूरच्या माणसाच्या मनात साहजिकच गूळ येतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गूळ घातला तर सॉसला खमंग खोली येते, पण करवंदाचा माणकासारखा रंग काळपटतो. मी निम्मी साखर, निम्मा गूळ घालते. त्यात चिमूटभर मीठ, बोटभर आल्याचा रस, दोन लवंगा आणि चवीपुरतं लाल तिखट. उघड्या पातेल्यात मोठ्या आचेवर ढवळत राहायचं. फेस आधी मोठा, हलका असतो. मग बुडबुडे लहान आणि जड होतात, डावावरून थेंब एकेकटा न पडता दोन-तीन एकत्र होऊन ओघळतात. तेव्हा गार ताटलीवर चमचाभर टाकून बोट ओढून पाहायचं. रेघ मिटली नाही की उतरवायचं. परदेशी पुस्तकांत जॅम आळण्याचं तापमान १०४-१०५ अंश दिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथं पाणीच ९८ अंशांना उकळतं. म्हणून थर्मामीटर वापरणाऱ्यानं १०३ ला थांबावं, नाहीतर सॉसची वडी होईल.

एवढ्या साखरेचा सॉस उकळून घेतलेल्या कोरड्या बाटलीत गरम असतानाच भरायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. काही आठवडे तो उत्तम राहतो. दिवाळीपर्यंत न्यायचा असेल तर दोन मार्ग आहेत. गराइतकीच किंवा त्याहून थोडी जास्त साखर घालून जॅमच करायचा, नाहीतर मे महिन्यात नुसता गर फ्रीजरमध्ये ठेवून लागेल तसा सॉस शिजवायचा. मला दुसरा मार्ग आवडतो, त्यात फळाचा आंबटपणा जिवंत राहतो. थालीपीठ, घावन, दशम्या यांच्याशी तर हा सॉस जमतोच, पण त्याची खरी जोडी सुक्या मटणाशी आहे. तेलकट, मसालेदार, जड मांसाबरोबर आंबटगोड फळ हवं, ही समजूत टर्कीच्या ताटात जशी आहे तशीच ती कोल्हापुरी ताटातही खरी ठरते. खोबरं-तिळाच्या मसाल्यात परतलेल्या मटणाच्या फोडीबरोबर चमचाभर करवंदाचा सॉस घेऊन पाहावा.

फेकलेल्या फळातून उभा राहिलेला धंदा

करवंद बाजारात दुसऱ्या वेशात आपल्याला रोज भेटतं. केकवर, आइस्क्रीमवर, गोड पानात जी लालभडक ‘चेरी’ असते ती पुष्कळदा करवंदाचीच असते. कच्ची फळं मिठाच्या पाण्यात मुरवायची, बिया काढायच्या, रंग द्यायचा आणि पाकात घालायचं. फळाची स्वतःची चव आणि रंग घालवून त्याला दुसऱ्याच नावानं विकायचं, असा हा प्रकार आहे. या उद्योगाला मोठं, गुलाबी-पांढरं, एकसारखं फळ लागतं. ते लागवडीच्या वाणांतून मिळतं. उत्तरेत पंतनगरच्या विद्यापीठानं असे वाण काढले, आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं मोठ्या फळाचा ‘कोकण बोल्ड’ दिला. डोंगरावरच्या बाईच्या बुट्टीतल्या बारीक, काळ्या, रसाळ रानकरवंदाला या बाजारात जागा नाही. सॉसमध्ये मात्र हेच फळ सरस ठरतं, कारण तिथं आकार पाहत नाहीत, चव आणि रंग पाहतात.

इथं क्रॅनबेरीचा इतिहास उपयोगी पडतो. तीही मुळात रानचीच. तिथले मूळ रहिवासी ती सुकवलेल्या मांसात आणि चरबीत कुटून प्रवासाची शिदोरी करत. १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडवर हेन्री हॉल नावाच्या माणसाला दिसलं की समुद्रावरची वाळू उडून ज्या वेलींवर पडते त्या जोमानं वाढतात. तेव्हापासून तिची लागवड सुरू झाली. पण फळ ताजं विकायचं, तेही वर्षातून दोन महिने, एवढाच धंदा होता. १९१२ मध्ये मार्कस उरान या वकिलानं डागी, फुटकी, ताजी विकली न जाणारी फळं शिजवून डब्यात भरायला सुरुवात केली. सॉस त्या फेकण्याजोग्या फळांतून उभा राहिला आणि त्यानं फळाचा हंगाम वर्षभराचा केला. १९३० मध्ये उरान, जॉन मेकपीस आणि न्यू जर्सीच्या एलिझाबेथ ली या तिघांनी एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी उत्पादकांची सहकारी संस्था काढली. तीच आजची ‘ओशन स्प्रे’.

म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध फळांचा सॉस सहकारातून मोठा झाला. कोल्हापूरला याहून ओळखीची गोष्ट दुसरी कुठली? ऊस उत्पादकांचे साखर कारखाने, वारणेचं खोरं, १९६३ मध्ये स्थापन झालेला आणि आज ‘गोकुळ’ म्हणून घरोघर पोचलेला जिल्हा दूध संघ, हे सगळं याच मातीत झालं. दूध हे करवंदाहून नाशवंत. सकाळचं दूध दुपारपर्यंत नासतं. तरी वाडीवस्तीवरच्या दोन-चार लिटरच्या किटलीतून ते गोळा करण्याची, मोजण्याची, फॅट तपासून दाम देण्याची घडी या जिल्ह्यानं बसवली. ज्या वाड्यांवरून दुधाची गाडी रोज खाली उतरते, त्याच वाड्यांच्या माथ्यावर करवंदं पिकतात. मलकापूर, गगनबावडा, राधानगरी इथं मे महिन्यात चार आठवडे चालणारी एकेक गर काढण्याची शेड, उकळत्या पाण्याची सोय, थोडी शीतपेटी एवढ्यावर बचत गटांच्या बायका हे काम करू शकतील. गर साठला की सॉस वर्षभर सवडीनं शिजवता येतो.

क्रॅनबेरीनं एक धडाही दिला आहे. नोव्हेंबर १९५९ मध्ये, थँक्सगिव्हिंग अडीच आठवड्यांवर आलेलं असताना, अमेरिकेचे आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी काही फळांत तणनाशकाचा अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि त्या हंगामाची विक्री कोसळली. एकाच सणावर आणि एकाच पदार्थावर अवलंबून राहण्याचा धोका तेव्हा उत्पादकांना कळला. त्यानंतर ते रसाकडे वळले. रानकरवंदावर कोणी फवारणी करत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे. ती लेबलावर लिहिण्यासारखी आहे आणि सांभाळण्यासारखीही.

डोंगराचा वाटा

मागणी वाढली तर जाळ्यांचं काय होईल, ही भीती मला आहे आणि ती बोलून दाखवायला हवी. करवंदाची जाळी केवळ फळ देत नाही. तिच्या काट्यांच्या आडोशाला इतर झाडांची रोपं गुरांच्या तोंडातून वाचतात आणि मोठी होतात. उघड्या माळावर रान परत येतं ते अशा जाळ्यांतूनच. फळांवर बुलबुलापासून अस्वलापर्यंत सगळ्यांचा हक्क आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राधानगरीचं अभयारण्यही आहे. ३५१ चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीत वन्यजीव कायद्याचे निर्बंध लागू आहेत. तिथं कोणीही टोपल्या घेऊन शिरावं असा याचा अर्थ होऊ नये.

पण आज जाळ्यांचा शत्रू फळं खुडणारी बाई नाही. चांगलं गवत येईल या समजुतीनं लावलेला वणवा फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमका फळधारणेच्या वेळी, डोंगरच्या डोंगर काळे करून जातो. सड्यांवर बॉक्साइटसाठी खोदकाम झालं, तिथं जाळ्यांसह वरची मातीही गेली. रस्ते रुंद झाले, फार्महाऊसची कुंपणं पडली. ज्या झुडपापासून कोणाला काही मिळत नाही ते जाळताना हात कचरत नाही. त्याच झुडपापासून दर उन्हाळ्यात घरात दोन पैसे येत असतील तर वणवा विझवायला माणसं धावतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं परंपरेनं गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना दिला आहे. त्या हक्कासोबत गावानंच नियम ठरवावेत: फांदी तोडायची नाही, जाळीच्या आतलं आणि शेंड्याचं फळ पाखरांना सोडायचं, वळवाचे दोन पाऊस झाले की खुडणी थांबवायची. पावसानं फुगलेलं पाणचट फळ सॉसला नाहीतरी चालत नाही.

यात लाल करवंदाचं महत्त्व पुन्हा येतं. आज बाजारात काळ्यालाच गिऱ्हाईक आहे, म्हणून खुडणारीला फळ पूर्ण पिकेपर्यंत थांबावं लागतं आणि पिकल्यावर ते दोन दिवसांत विकावं लागतं. लाल फळ टणक असतं, प्रवासात चिरडत नाही, जास्त टिकतं. सॉससाठी ते मागितलं जाऊ लागलं तर तिचा हंगाम आठवडाभर आधी सुरू होईल आणि संध्याकाळी पडेल त्या भावात द्यायची वेळ कमी येईल. बुट्टीतली लाल फळं बाजूला सारून काळीच वेचून घेण्याची आपली सवय तेवढी बदलायला हवी.

तेव्हा येत्या मे महिन्यात मंडईत जाल तेव्हा दोन मापटी काळ्यांबरोबर एक मापटं लाल करवंदंही मागून घ्या आणि त्याला काळ्याइतकाच भाव द्या. घरी पातेलं चढवा, पुरणयंत्र काढा, शेजारी एक बाटली द्या. शेजारणीनं मागितली तर कृती सांगा आणि लाल फळाचं कारणही सांगा. चार गल्ल्यांतून अशी मागणी झाली तर डोंगरावर ती पोचायला वेळ लागणार नाही. आणि मागणी उभी राहिली की तिच्यासाठी संस्था कशी उभी करायची, हे कोल्हापूर जिल्ह्याला कोणी शिकवावं लागत नाही.